उष्टावणाचा फोटो

"हाच फोटो, पण ह्याच्या दुप्पट करून दे," आक्काताई मगदूम म्हणाल्या आणि पिशवीतून काढलेली फ्रेम त्यांनी आमच्या काउंटरवर उभी केली. "रविवारच्या आत पायजे."

"एवढा मोठा कशाला हो आक्का?"

"रविवारी आमच्या सुनंचा भाऊ येणार हाय चिकोडीस्नं. सोप्यात लावून ठेवणार हाय मी. बघू दे की डोळं भरून. सात महिन्याची हुती तवा पोरीचं डोळं कसं हुतं, आन माहेराला जाऊन आली तवा कसं झालं."

फोटोत आक्का स्वतःच होत्या. पाटावर बसलेल्या, मांडीवर नात चंदना, पोरीच्या ओठाला चांदीच्या वाटीतली खीर लागलेली. तिच्या उष्टावणाचा फोटो. पोरगी सरळ कॅमेऱ्यात बघत होती आणि तिचे दोन्ही डोळे काळेभोर होते.

त्यातला उजवा मी काळा केलेला होता.

ही शहाण्णव सालची गोष्ट. कुरुंदवाडात आमचा स्टुडिओ होता. आमचे हे, म्हणजे रंगनाथ, फोटो काढायचे आणि मागच्या खोलीत बसून मी टचिंग करायची. रोल कोल्हापूरच्या लॅबला जायचा, प्रिंट यायच्या आणि मी बारीक ब्रश घेऊन बसायची. मुरमं, देवीचे वण, नवरीच्या नाकावरचा घाम, सगळं पुसून टाकायची. 'हेमावहिनीचा हात लागला की म्हातारीची पोरगी होते,' असं गावात म्हणायचे. ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू? हात हलका होता माझा, आणि हलक्या हाताची घमेंड जड असते.

फ्लॅश मारला की कधी कधी डोळ्यात लाल नाहीतर पांढरा ठिपका येतो. तो फोटोतला दोष. त्यावर काळ्या रंगाचा एक थेंब ठेवायचा की डोळा जिवंत दिसतो. एवढं सोपं काम, त्याचा मी कधी विचारही केला नव्हता.

पण हा फोटो माझ्या लक्षात होता, कारण तो मला दोनदा करावा लागला होता. पहिल्या वेळी उजव्या डोळ्यातला पांढरा ठिपका मी पुसलाच, वर पोरीचे डोळे बोडके दिसतात म्हणून काजळाची एक रेघही ओढून दिली. तान्ह्या पोराला काजळ नाही असं घर मी पाहिलंच नव्हतं. आक्का फोटो घेऊन तरातरा परत आल्या होत्या.

"कुणी सांगितलं तुला काजळ घालाय?"

"अहो आक्का, छान दिसतंय की."

"आमच्या घरात काजळ घालत न्हाईत. दुसरा करून दे."

एकेकाच्या घरचे एकेक रिवाज, असं म्हणून मी दुसरी प्रिंट मागवली. पांढरा ठिपका पुन्हा होताच, तो पुन्हा पुसला. काजळ तेवढं घातलं नाही. तो फोटो न्यायला आक्कांची सून राजमती आली होती. ती काउंटरशी फोटो हातात धरून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, हिच्या डोळ्यात कधी कधी पांढरं चमकतंय. संध्याकाळी दिवा लावला की. फोटोत आलं न्हाई का?"

"आलं होतं. मी काढून टाकलं. फ्लॅशचं असतं गं ते."

"मला वाटलं डोळ्याला काय..."

"वेडी आहेस का? रोज दहा फोटोंत येतं," मी म्हणाले. रोज दहा फोटोंत लाल येतं. असं पांढरं येत नाही. पण मला तेव्हा दोन्ही सारखंच होतं. राजमतीचा चेहरा मोकळा झाला आणि ती हसत घरी गेली.

ते फेब्रुवारीत. उन्हाळ्यात राजमती लेकीला घेऊन चिकोडीला माहेरी गेली. जूनमध्ये परत आली तेव्हा चंदनाचा उजवा डोळा तिरपा जात होता आणि आत पांढरं दिसत होतं, दिवसाउजेडी, कुणालाही. मिरजेच्या डॉक्टरांनी बघितलं आणि त्याच दिवशी मुंबईची चिठ्ठी दिली. डोळ्याच्या आत, पडद्यावर कॅन्सर होता. एवढ्याशा पोरांना तो होतो हेच आम्हाला गावात कुणाला माहीत नव्हतं. मुंबईत उजवा डोळा काढून टाकावा लागला. डाव्यात दोन बारके डाग सापडले. ते लेसरनं जाळता येतील, पण दर महिन्याला यावं लागेल, आणि पहिली तारीख ऑगस्टमधला एक मंगळवार, ती चुकवू नका, असं डॉक्टरांनी राजमतीचा नवरा भरत याला बजावून सांगितलं होतं.

'जाळता येतील' हा एक शब्द आक्कांनी धरून ठेवला. पोरीच्या डोळ्यात आग घालणार. त्यात त्यांना आणखी एक गोष्ट कळली. चिकोडीला पोरीचा डोळा चिकटत होता म्हणून राजमतीनं दोन-तीनदा अंगावरच्या दुधाचे थेंब डोळ्यात घातले होते. झालं! डोळ्यात काहीतरी घातलं म्हणून डोळा गेला, आणि आता दुसऱ्यात आग घालायला निघाली. पोरगी घरात ठेवून सुनेला रविवारी भावाबरोबर कायमची पाठवून द्यायची, असं आक्कांच्या मनात होतं. भरत आईपुढे तोंड उघडत नव्हता. आणि आक्कांच्या हातातला सगळ्यात मोठा पुरावा होता माझा फोटो.

"देशील न्हवं?" त्यांनी विचारलं.

"देते," मी म्हणाले.

मोठी प्रिंट शनिवारी दुपारी आली. मी ती मागच्या खोलीत टेबलावर पसरली. डोळा आता वाटाण्याएवढा झाला होता, आणि त्यात तो पांढरा ठिपका. खरं तर तो ठिपका नव्हताच. फ्लॅशचा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा असतो, बुबुळावर बसतो. हे बुबुळाच्या आतून येत होतं, सगळी बाहुली भरून, पिवळट झाक असलेलं. दोनदा ब्रश फिरवताना मला ते दिसलं नव्हतं, कारण मी डोळा बघत नव्हते, दोष बघत होते.

सवयीनं मी बशीत रंग कालवला. ब्रश भिजवला, टोक केलं. आणि बसून राहिले.

ह्यांनी पडदा बाजूला करून बघितलं. "झालं का? आक्का संध्याकाळी माणूस पाठवणार आहेत."

"हे बघा," मी म्हणाले.

ते बराच वेळ बघत राहिले. मग खुर्ची ओढून बसले. "तेव्हापासून होतं?"

"राजमतीनं मला विचारलं होतं हो. मी तिला वेडी म्हणाले."

"हेमा, आपण काय डॉक्टर आहोत? आपलं काम आपण केलं." ते दाराकडे बघून आवाज खाली आणून बोलले. "आता हे घेऊन तू तिथं गेलीस तर गाव म्हणेल, ह्यांच्या फोटोत आजार लपतो. उद्या कोण येईल पोरांचे फोटो काढायला?"

"आणि नाही गेले तर ह्या मंगळवारची मुंबईची तारीख चुकेल."

"ते त्यांच्या घरातलं आहे."

"त्यांच्या घरातल्या भिंतीवरच्या फोटोला माझा हात लागलाय," मी म्हणाले. बोलताना रडू फुटलं, पण थांबले नाही. "पुसते की काय पुन्हा? तुम्हीच सांगा. पुसू?"

ते उठले, आणि बशीतला रंग त्यांनी मोरीत ओतून टाकला. आमच्या संसारात ते मोठं बोलणारे कधीच नव्हते.

रविवारी मी स्वतः गेले. मगदुमांच्या सोप्यात जाजम टाकलं होतं. राजमतीचा भाऊ बाहुबली एका बाजूला मांडी घालून बसला होता, भरत खांबाला टेकून उभा. राजमती उंबऱ्याशी बसली होती, चंदना तिच्या मांडीवर, उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. जुनी फ्रेम आक्कांनी खुंटीवरून काढून पुढ्यात ठेवली होती.

"ये. दाव ह्यास्नी," आक्का म्हणाल्या.

मी गुंडाळी उलगडली आणि मोठा फोटो जुन्या फ्रेमच्या शेजारी जाजमावर ठेवला. कडा वळत होत्या, म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरला.

"ह्यो कुठला?" भरतनं विचारलं.

"हाच आहे. एकच फोटो. हा कॅमेऱ्यातून आला तसा, आणि तो मी पुसलेला." मग मी भराभर सांगून टाकलं. "उष्टावणाच्या दिवशीच पोरीच्या डोळ्यात पांढरं होतं. ह्याच घरात, आक्कांच्या मांडीवर. मला वाटलं फ्लॅशचा दोष, मी काळं करून दिलं. राजमती मला विचारायला आली होती, मी तिला गप्प केलं. चिकोडीला जायच्या आधीचं आहे हे. दूध घालायच्या कितीतरी आधीचं."

बाहुबली वाकून बघू लागला. राजमतीनं मान वर केली. "मी ह्यास्नीबी सांगितलं हुतं," ती नवऱ्याकडे बघून म्हणाली. "तुमी म्हणालासा, फोटोत बघ की, डोळा कसा झ्याक हाय."

भरतनं तोंड फिरवलं.

मी आक्कांच्या शिव्यांची वाट बघत होते. पण त्यांनी मोठा फोटो ओढून घेतला, उजेडाकडे धरला, मग जवळ आणला, इतका की नाक कागदाला लागलं. त्या पांढऱ्या डोळ्यावर त्यांनी अंगठा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"आई?" भरत म्हणाला.

"मंगळवारी मुंबईस पोचायचं तर गाडी कवा हाय?" आक्कांनी विचारलं.

"म्हंजे... जायाचं?"

"सोमवारी रात्री मिरजेस्नं निघावं लागंल," बाहुबली म्हणाला.

"तर मग तयारी करा." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "मीबी येणार. आन हेमा, तूबी चल. तू पुसलंस, तूच दावायचं डाक्टरला."

मुंबईचा तो दवाखाना मोठा होता. चंदनाला सकाळपासून काही द्यायचं नव्हतं, भूल द्यायची म्हणून. पोरगी दुधासाठी आईच्या पदराशी झोंबत होती आणि राजमती तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. आक्कांनीही सकाळपासून पाणी सोडलं होतं. "लेकरू उपाशी, मी कशी पिऊ?" एवढंच म्हणाल्या.

आत न्यायच्या आधी डॉक्टरबाईंनी आम्हाला खोलीत बोलावलं. चाळिशीच्या, बारीक आवाजाच्या. मी फोटो त्यांच्यासमोर ठेवला आणि काय केलं ते सांगितलं. त्यांनी फोटो नीट बघितला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"फेब्रुवारीत आणलं असतं," मी विचारलं, "तर उजवा वाचला असता का?"

"ते आता सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या, आणि पुढचा कागद उलटला. मी तो प्रश्न पुन्हा कधी कुणाला विचारला नाही.

मग त्यांनी लेसरचं सांगितलं, आक्कांकडे बघून, कारण आक्कांनीच विचारलं होतं की डोळ्यात आग घालतात का. "आग नाही आजी. प्रकाश असतो, सुईच्या टोकाएवढा. डोक्याला दिवा लावून, भिंगातून बघत, फक्त डागावर धरायचा. डाग तापतो आणि मरतो. बाकीच्या डोळ्याला धक्का लागू द्यायचा नाही, म्हणून तर पोरीला झोपवायचं. एकदा केलं म्हणून संपत नाही. पाच-सहा वेळा यावं लागेल, प्रत्येक वेळी बघायचं डाग किती आकसलाय."

"आन डोळा ऱ्हाईल?"

"आत्ता डाग लहान आहेत. राहावा म्हणूनच करतोय." त्यांनी पेन उचललं. "घरात आधी कुणाला असं काही होतं का? डोळ्याचं, लहानपणी?"

"नाही," भरत म्हणाला.

"हुतं," आक्का म्हणाल्या.

भरत आईकडे बघतच राहिला.

"ह्याच्या पाठीवरचा. सुकुमार." आक्का टेबलाच्या कडेकडे बघत बोलत होत्या. "दीड वर्साचा असताना त्याच्या डोळ्यात मांजरावानी चमकाय लागलं. मग डोळा सुजून भाईर आला. तिसरं लागायच्या आत गेला."

"तापानं गेला म्हणाली हुतीस," भरतचा आवाज फुटला.

"काय सांगू तुला? माझ्या हातानं गेला म्हणून सांगू?" आणि मग त्या डॉक्टरबाईंकडे वळल्या. हात जोडल्यासारखे झाले होते, पण जोडलेले नव्हते, नुसते एकमेकांना धरून होते. "मी काजळ धरायची ओ घरात. एरंडेलाच्या दिव्यावर. रोज सकाळी बोटानं घालायची त्याला. सासू म्हणली, तुझ्या काजळानं पोराचा डोळा कुजला. नवऱ्यानंबी तेच म्हणलं. तवाधरनं काजळाची डबी घरात आणली न्हाई मी." त्या थांबल्या. "काजळानं हुतंय का ओ बाई हे?"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"नाही आजी. काजळानं हे होत नाही. दुधानंही होत नाही. काही मुलं हा आजार जन्मताना घेऊनच येतात. कुणी काही घातलं म्हणून होत नाही, आणि कुणी काही घातलं नाही म्हणून टळत नाही."

"खरं सांगतासा?"

"अगदी खरं."

"छत्तीस वर्सं झाली," आक्का म्हणाल्या. तेवढंच. त्यांच्या डोळ्यातून पाणी आलं नाही. त्यांनी पदर तोंडावर धरला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला. खोलीत मी रडत होते, राजमती रडत होती, आणि मधे चंदना आक्कांच्या हातातल्या बांगडीशी खेळत होती.

मला तेव्हा उमगलं. त्या दिवशी सोप्यात आक्कांनी ज्या डोळ्यावर अंगठा ठेवला होता तो चंदनाचा नव्हता.

साडेअकराला पोरीला आत नेलं. दारावरचा लाल दिवा लागला. आम्ही बाकावर बसलो. अर्धा तास झाला, तास झाला. दीड वाजून गेला. राजमती भिंतीला डोकं टेकून बसली होती, ओठ सुकलेले. आक्का मधेच उठल्या, तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"जा. खाली जाऊन दोन घास खाऊन ये."

"नको, आत्ती."

"नको काय? गाडीत दिवस मावळंल, मग ऱ्हाशील उपाशी. आपल्यात रातचं खाईत न्हाईत." त्यांनी तिच्या हातातलं चंदनाचं टोपडं काढून स्वतःच्या मांडीवर घेतलं. "मी बसती हितं. भाईर आली की पयलं तुलाच हाक मारती."

आक्कांनी सुनेची माफी मागितली ती एवढीच, आणि ती राजमतीला कळली. ती उठून खाली गेली.

लेसर सात वेळा झालं. आक्का सातही वेळा गेल्या. सहाव्या वेळी डॉक्टर म्हणाल्या की डाग पापडासारखे सुकून पांढरे पडलेत, आता ते नुसते व्रण आहेत. सातव्या वेळी नुसती खात्री केली. डावा डोळा राहिला. उजव्यात खोटा डोळा बसवला, हुबेहूब, आमच्यासारख्या टचिंग करणाऱ्यानंच रंगवला असणार.

पुढल्या वर्षी चंदनाचा दुसरा वाढदिवस झाला. आक्का तिला कडेवर घेऊन स्वतः स्टुडिओत आल्या. पोरीच्या गालावर चांगली रुपयाएवढी काळी तीट होती.

"काजळ?" मी न राहवून विचारलं.

"घरीच धरलं. एरंडेलाच्या दिव्यावर." आक्का तिच्या गालाकडे बघत म्हणाल्या. "डोळ्यात न्हाई घातलं. डाक्टरीण नको म्हणली. पर गालाला काय हुतंय?"

ह्यांनी फ्लॅश लावून फोटो काढला. प्रिंट आली तेव्हा मी आधी डोळे बघितले. आता सगळ्यांच्याच फोटोत आधी तेच बघते. त्या वर्षात दोन पोरांना मी मिरजेला पाठवलं होतं, आणि दोघांचंही काही निघालं नाही, देवाची कृपा. चंदनाचा उजवा डोळा काळाभोर आला होता. डाव्यात लाल ठिपका होता, डाळिंबाच्या दाण्यासारखा.

आक्का न्यायला आल्या तेव्हा त्यांनी बोट ठेवलं. "हे लाल काय आलंय?"

"फ्लॅशचं असतं आक्का. उजेड डोळ्याच्या पार आतपर्यंत गेला की लाल येतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं मला. जो डोळा बघतोय, त्यातच येतं." माझा हात सवयीनं ब्रशकडे गेला होता. "पुसून देऊ का?"

"ह्यो बघतोय म्हणून लाल हाय न्हवं?"

"हो."

"मग कशाला पुसतीस?" आक्का म्हणाल्या. "तसाच दे."